अक्षरं खाणारी पोट्टी

खरं! यातला शब्द न् शब्द खरा हाये. ज्याले पटत नसंल त्यानं आत्ताच उठावं, चपला घालाव्या आन् आपल्या घरी जावं. खोटं निघालं तर जीभ झडो. गळ्याची आन, डोळ्याची आन, घरातल्या लेकरांची आन... नाही, लेकरं राहू द्या, लेकरांनी काय केलं. दातांची आन. जेवढे उरले हायेत तेवढ्यांची. आता गपचूप ऐका, आन् मधात कोणी "असं कसं होईल" म्हणू नका.

नागपुरात सीताबर्डीवर, मेन रोडच्या मागच्या बोळीत, एका चपलांच्या दुकानाच्या डोस्क्यावर एक हापिस होतं. साल असंल चौऱ्याहत्तर, नाही तर पंच्याहत्तर. 'वैनगंगा पंचिंग' अशी पाटी. खालून जाणारे लोकं मान वर करून म्हणत, "इथं कॉम्प्युटर हाये." कॉम्प्युटर कायचा! कॉम्प्युटर दुसऱ्या गावी होता, धान्याच्या गोदामाएवढा, थंड खोलीत ऐसपैस बसलेला. इथं फक्त त्याचा चारा कापला जाय. जाड कागदाची कार्डं, आन् त्या कार्डांले बारीक बारीक भोकं. लोकांची नावं, गावं, हजेऱ्या, सारं भोकांत. माणसाले पाहून काही समजत नव्हतं, कॉम्प्युटरलेच समजे.

मशीना दोन. एक भोकं पाडायची, तिले टाइपरायटरसारखी बटणं. दुसरी तपासायची, तिलेही तशीच बटणं. पहिलीवर एका बाईनं नाव मारलं की ते कार्ड दुसरीवर जाय, आन् दुसऱ्या बाईनं तेच नाव पुन्हा मारायचं. जुळलं तर हिरवा दिवा. नाही जुळलं तर खाटकन लाल दिवा लागे आन् मशीन अडून बसे, रस्त्यातल्या म्हशीसारखी.

भोकं पाडायच्या मशीनवर बसे पुष्पलता. इंदोरा वस्तीतली पोट्टी, मॅट्रिक पास, टायपिंग शिकलेली. तिची माय भीमाबाई बिड्या वळे, आन् पुष्पलताही लहानपणापासून सूप मांडीवर घेऊन बिड्याच वळत आलेली. पान कापा, तंबाकू भरा, गुंडाळा, दोरा बांधा. त्यानं तिची बोटं अशी चालत की पाहणाऱ्याले दिसतच नव्हती. एकदा एक माशी येऊन बटणावर बसली. उडायले तिले वेळच नाही भेटला. माशीचं भोक झालं, भोक कार्डात गेलं, कार्ड कॉम्प्युटरात गेलं, आन् कॉम्प्युटरनं त्या माशीले कामावर हजर दाखवलं.

काय म्हणलं होतं? मधात बोलायचं नाही.

तपासायच्या मशीनवर बसे शोभाताई. महाल मोहल्ल्यातली, वयानं मोठी, कपाळावर ठसठशीत कुंकू, आवाज असा की खालच्या दुकानात चपला फळीवरून पडत. मशीन खोक्यातून निघाली तेव्हा तिच्यावर जी प्लास्टिकची पन्नी होती, ती शोभाताईनं कोणाले काढूच दिली नव्हती. वरून रबर बांधलं आन् पन्नीवरूनच बटणं दाबे. चुर्र, चुर्र, दिवसभर. "नवी वस्तू नवीच राह्यली पाहिजे," म्हणे. तिच्या घरचा रेडिओही पन्नीत होता. गाणारे सारे पडसं झाल्यासारखे गात. आन् वरून तोरा असा, "मी तर बटणांकडं पाहतही नाही, डोळे मिटून मारते."

दोघी बाया कच्च्या नोकरीवर. दसऱ्यानंतर एक जागा पक्की होणार होती, आन् ती भोकं पाडायच्या मशीनची. म्हणजे पुष्पलता बसे तीच खुर्ची. ती खुर्ची गेली तर पोट्टीसाठी पुन्हा सूप, पुन्हा तंबाकूचा खकाणा, पुन्हा मायसारखं रात्रंदिवस खोकणं. खुर्चीत बसल्या बसल्या ती पायानं खुर्चीचा पाय धरून बसे, कोणी ओढून नेईल म्हणून. आन् शोभाताईलेही तीच खुर्ची पाहिजे होती.

त्यातच अक्षरं झडायले लागली.

पुष्पलताची मशीन परदेशात वापरून वापरून इथं आलेली. बटणं करड्या रंगाची, त्यावर काळी अक्षरं, आन् वरचा थर कांद्याच्या सालीवानी पातळ. आधी 'ए'चा एक पाय गेला. मंग 'ई'चे दात पडले. 'आर' लंगडा झाला, मंग आंधळा झाला, मंग दिसेनासाच झाला. नागपूरचा मे महिना आला तशी बटणं चिकट झाली, जून-जुलैत गुळगुळीत झाली, आन् पोळ्यापर्यंत जवळजवळ सारी बटणं टकली. चोखून टाकलेल्या बोराच्या बियांसारखी. फक्त आकडे आन् कोपऱ्यातली एक-दोन अक्षरं तेवढी वाचली.

पुष्पलताले काही फरक नाही पडला. तिले बटणं बोटांनी पाठ. ती पाहत होती समोरच्या कागदाकडं.

पण शोभाताई पाहत होती बटणांकडं.

"साहेब, इकडं या! पाहा! पोट्टीनं अक्षरं खाल्ली!"

साहेब म्हणजे मारोतराव. मालकाचे साडू, म्हून हापिसाचे प्रमुख. मशीनवर ते जन्मात कधी बसले नव्हते. तिच्यासमोर उभं राहूनच त्यांची पाठ दुखे. ते आले, चष्मा पुसला, वाकले.

"काहून वं पुष्पलता? हे काय?"

"रंग झिजला साहेब. दिवसभर बोट लागते. झिजंलच ना."

"शोभाताईच्या मशीनचा नाही झिजला?"

"त्यांच्या मशीनले बोट लागतच नाही. पन्नी लागते."

"माझ्या मशीनचं नाव काढायचं नाही!" शोभाताई उसळली. "साहेब, मी सांगते. तंबाकूचा हात हाये तो. यांच्या घरात उठल्यापासून झोपेपर्यंत बिड्या. तो अर्क बोटात मुरला, आन् आता रंग खाऊन राहिला. ॲसिड हाये, ॲसिड!"

"मंग तुमच्या जिभेत कायचा अर्क मुरला ताई?"

"पाह्यलं साहेब? पाह्यलं? मोठ्या बाईले कसं बोलते!"

मारोतराव म्हणले, "हात दाखव."

पुष्पलतानं हात पुढं केला. मारोतरावांनी तो हुंगला. साऱ्या हापिसासमोर, भाजी घेताना कोथिंबीर हुंगावी तसा. पोट्टीच्या कानापर्यंत आग गेली, पण तिनं हात मागं घेतला नाही.

"वास तर नाही येत," मारोतराव म्हणले.

"वास येत नाही म्हणजेच मुरला," शोभाताई म्हणली.

दुसऱ्या दिवशी मारोतरावांनी पांढरे हातमोजे आणले. लग्नाच्या बँडवाल्यांचे, जुने, एकाचा अंगठा फाटलेला. "हे घालून काम करायचं. तुझा हात मशीनले लागता कामा नये."

पुष्पलता मोजे घालून बसली. शोभाताई पन्नीतून चुर्र चुर्र करत म्हणे, "काय वं, आज वरात कोणाची? बाजा कुठं हाये?"

"तुमच्याच दारी येणार हाये ताई. नाचायले तयार राहा."

आता कापड म्हणजे घासणी. बोटानं जो रंग चार महिन्यांत गेला असता तो मोज्यानं चार आठवड्यांत नेला. एका कोपऱ्यातला 'क्यू' आन् दुसऱ्या कोपऱ्यातला 'झेड', जे आजवर कोणाच्या अध्यात मध्यात नव्हते, तेही गेले. मोज्यांची टोकं काळी झाली. मारोतरावांनी ते मोजे खिडकीत टांगले, येणाऱ्या-जाणाऱ्याले दाखवले. "पाहा, निघाली का नाही अक्षरं? मोज्यातून खाल्ली पोट्टीनं!"

आन् हे पण खरंच हाये की त्या दिवसांत पुष्पलतानं घरी भाकर थापली तर भाकरीवर 'आर' उमटला. उलटा. भीमाबाईनं पाह्यलं, म्हणली, "हे काय वं?" पुष्पलता म्हणली, "खा माय. आता सारे म्हणूनच राहिले, तर आपण पोटभर खाऊ."

पण रात्री तिले घास जात नव्हता. मारोतराव हापिसात उघड बोलायले लागले होते की पक्की जागा शोभाताईची. ज्या बाईनं मशीन नवीच्या नवी ठेवली तिची नाही तर कोणाची?

असं करता करता खांडेनवमी आली.

खांडेनवमीले नागपुरात काय होते, ठाऊकच हाये. जो ज्याचं खाते तो त्याले पुजते. ट्रकवाला ट्रक धुते, रंगवते. कामठीचा विणकर मागाले हार घालते. सुतार करवतीले कुंकू लावते. तसं हापिसातही मशीनची पूजा. शोभाताई सकाळीच नारळ, झेंडू, हळदकुंकू घेऊन आली. आपल्या मशीनच्या पन्नीवर तिनं इतकं हळदकुंकू वाह्यलं की खाली मशीन हाये का जेजुरी, समजेना. वर झेंडूची रास. मंग हात जोडून सांगून टाकलं, "पुजली. आता दसरा होईस्तोवर हिले कोणाचा हात लागायचा नाही. कोणाचा म्हणजे कोणाचाच." आन् कोणाचा ते पुष्पलताकडं पाहून.

"आन् हिची?" मारोतरावांनी दुसरी मशीन दाखवली.

"टकली मशीन पुजायची कशी? आधी तिले तोंड तर येऊ द्या."

मारोतरावांले पटलं. दसऱ्याले सारं रंगवतात, तर मशीन काहून नाही? त्यांनी कवडू पेंटरले बोलावणं धाडलं. हा कवडू ट्रकच्या मागं मोर काढे. त्यानं काढलेला मोर पाहून जंगलातल्या लांडोरी ट्रकच्या मागं भंडाऱ्यापर्यंत पळत गेल्या होत्या. त्या दिवशी त्याच्याकडं ट्रकांची रांग, म्हून तो येता येता दुपार उतरली. हातात डबे, कानाले बारीक ब्रश.

"काय गा कवडू, अक्षरं काढता येतात ना?"

"साहेब, अख्ख्या नागपूरच्या गाड्यांचे नंबर कोण लिहिते? सांगा फक्त, कोणतं अक्षर कुठं."

"त्या दुसऱ्या मशीनवर पाहून घे. दोन्ही सारख्याच हायेत."

कवडू तिकडं वळला तशी शोभाताई दोन्ही हात पसरून मशीनसमोर उभी.

"खबरदार! पुजलेल्या मशीनची पन्नी काढायची नाही!"

"ताई, कोपऱ्यातून एक नजर..."

"हार हलायचा नाही! अपशकुन होते. काही झालं तर तू भोगशील? साहेब, तुम्ही भोगसाल?"

मारोतराव अपशकुनाले भ्यायचे. मांजर आडवं गेलं तर घरी परत जाऊन सुट्टी टाकणारा माणूस तो. ते म्हणले, "राहू दे, राहू दे."

पुष्पलता तेव्हा दारात वाकून चपलेचा पट्टा लावून राहिली होती. तिले लवकर घरी जायचं होतं. दुसऱ्या दिवशी दीक्षाभूमीवर जायले कुहीचे पाहुणे येणार होते, घरात बिछाना घालायले जागा नाही, आन् आट्याची चक्की बंद व्हायच्या आत दळण आणायचं होतं. कवडूची नजर तिच्यावर गेली.

"साहेब, या बाईंची मशीन ना ही? यांलेच विचारतो ना."

पुष्पलतानं तोंड उघडलं. अक्षरं कुठून सुरू होतात ते सांगायले शब्द दातापर्यंत आला होता. पण त्याच्या आधीच मारोतराव ओरडले.

"तिले काय विचारतो! अक्षरं खाल्ली तिनं, आन् पत्ताही तीच सांगणार? भैताड हायेस का? लेकरांले येते ती एबीसीडी तुले येत नाही? वरच्या रांगेतल्या पहिल्या बटणापासून धर आन् ओळीनं काढत जा!"

कवडू म्हणला, "हाव साहेब."

पुष्पलतानं तोंड मिटलं. पट्टा लावला. जिना उतरून गेली.

दसऱ्याचा दिवस दीक्षाभूमीच्या गर्दीत गेला. पांढऱ्या लुगड्यातली भीमाबाई, कुहीचे पाहुणे, डोक्यावर गाठोडी घेतलेले लोकंच लोकं. संध्याकाळी पाहुण्यांसाठी पोळ्या लाटता लाटता पुष्पलता एकटीच हसली.

"काय झालं वं?" भीमाबाईनं विचारलं.

"काही नाही माय. हापिसात मशीन रंगवली."

"त्यात हसायले काय?"

"छान रंगवली म्हून."

आन् खरंच छान रंगवली होती बाप्पा! सुट्टी संपून हापिस उघडलं तर मशीन नवरीसारखी नटलेली. लाल अक्षरं, त्याले पिवळी सावली, आन् खालच्या लांब बटणावर मोर, पिसारा फुलवलेला. वरची रांग ए, बी, सी, डी. त्याखाली पुढची अक्षरं. शेवटी झेड, त्याच्या शेपटीले एक फूल. शाळेच्या पहिल्या पुस्तकासारखं, ओळीनं.

त्याच दिवशी उमरेडकडच्या कोळशाच्या खाणीतले आनंदराव येणार होते. खाणीतल्या साऱ्या माणसांच्या नावाची कार्डं त्यांले संध्याकाळपर्यंत पाहिजे होती, आन् काम पसंत पडलं तर पुढचं सारं काम याच हापिसाले. मारोतरावांनी बायांले समोर उभं केलं.

"आज जी बाई आनंदरावांसमोर ही रंगवलेली मशीन चालवून दाखवंल, तिची जागा पक्की. शोभाताई, बसा."

"साहेब, ही माझी खुर्ची हाये," पुष्पलता म्हणली.

"होती. तुझा हात लागला की रंग जाईल. तू तिकडं तपासायले बस. पन्नीवरून."

"आन् उद्यापासून?"

"उद्याचं उद्या पाहू. तुह्या घरी काम हायेच ना, बिड्यांचं."

शोभाताई पदर खोचून खुर्चीत बसली. बसता बसता खुर्ची पुसून घेतली.

आनंदराव आले. जाडजूड माणूस, बोलणं कमी, बाहेर जीप उभी. खुर्ची ओढून बसले, "चालू द्या" म्हणले.

पुष्पलता पन्नीच्या मशीनवरून पाहत होती. शोभाताईनं पहिला कागद लावला. पहिलं नाव रामाजी. तिचं बोट आधी सवयीनं एकीकडं गेलं, हवेतच थांबलं. डोळे बटणांवर. मान खाली गेली, आणखी खाली गेली. 'आर' सापडला मधल्या रांगेत. तिच्या कपाळाले आठी पडली. तिनं एकदा पुष्पलताकडं पाह्यलं, एकदा साहेबांकडं. विचारावं तर कसं विचारावं? एवढी वर्षं सांगत आली की मी बटणांकडं पाहत नाही. परदेशी मशीनची रीतच वेगळी असंल, असं मनात म्हणली असंल. आन् डोळ्यांले दिसलं तिथं बोट ठेवलं. ठक. ठक. ठक.

कार्ड पुष्पलताकडं आलं. तिनं कागद पाह्यला, रामाजीचं पहिलं अक्षर मारलं.

खाटकन लाल.

दुसरं कार्ड. लाल. तिसरं. लाल. कार्ड येत गेलं, लाल दिवा लागत गेला. खोली अशी लाल झाली की खाली चपलांच्या दुकानातली गिऱ्हाइकं आग लागली म्हणून पळाली, एक जण तर अनवाणी पळाला आन् एक जण दोन जोड घेऊन पळाला.

"मुद्दाम करून राहिली!" शोभाताई किंचाळली. "साहेब, ती चुकीचं मारून राहिली, मले पाडायले!"

"मी काय मारून राहिली ते आनंदराव साहेबांनी मागं उभं राहून पाहावं," पुष्पलता म्हणली.

आनंदराव उठले. पण पुष्पलताच्या मागं गेले नाही. शोभाताईच्या मागं जाऊन उभे राह्यले. बटणं पाह्यली. मोर पाह्यला. खालपासून वरपर्यंत पुन्हा पाह्यलं.

"मारोतराव, हे ए, बी, सी, डी काय हाये?"

"अक्षरं हायेत साहेब. नवीन काढली. दसऱ्याची."

"आमच्या टाइपरायटरवर असं ओळीनं नसते."

"नसते?"

"कोणत्याच मशीनवर नसते. या बाईनं रामाजी मारला, तर टाइपरायटरच्या हिशेबानं कार्डात गेलं के, क्यू, डी, क्यू, पी, ओ. या नावाचा माणूस माह्या खाणीत नाही. पृथ्वीवर नाही."

हापिसात असं शांत झालं की खाली पळालेल्या माणसांच्या पायांचा आवाज बर्डीच्या चौकातून ऐकू आला. मारोतरावांचं तोंड झेंडूवानी पिवळं. आधी ते कवडूवर घसरले, पण कवडू तिथं नव्हता. मंग शोभाताई गर्रकन वळली.

"तू दारात उभी होती! तुले ठाऊक होतं!"

"होतं."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"'तिले काय विचारतो', असं साहेबच म्हणले ना. मी साहेबांचं ऐकते."

"पाह्यलं? नागीण हाये, नागीण!"

"तुम्ही डोळे मिटून मारता ना ताई? मंग अक्षरं कशीही राहोत, तुम्हाले काय फरक पडला?"

मारोतराव टेबलावर हात आपटत आले. "हापिसाची इज्जत घालवली! निघ! आत्ता निघ! खुर्ची नाही न् काही नाही!"

पण पुष्पलता उठली नाही. पायानं तिनं खुर्चीचा पाय धरला होता, पन्नीवाल्या मशीनच्या खुर्चीचा.

आनंदराव म्हणले, "तुमचं भांडण नंतर करा. जीप उभी हाये. माह्या कार्डांचं काय? या मशीनवर कोण मारू शकते?"

"मी मारते," पुष्पलता म्हणली. "पण तपासणार कोण? ताई बसतील, आन् जुळलं तरी लाल लावतील."

"लावीनच!" शोभाताई म्हणली. लपवलं नाही तिनं, हे मानावं लागंल. "दिसली चूक की लावीन."

"चला, बसा," आनंदराव म्हणले.

जागा बदलल्या. जाता येता दोघींचे खांदे असे घासले की ठिणगी उडाली, पडद्याले भोक पडलं. पुष्पलता आपल्या खुर्चीत बसली. लाल-पिवळ्या अक्षरांकडं तिनं पाह्यलंही नाही. नजर कागदावर, आन् बोटं सुटली. कार्डावर कार्ड. शोभाताईकडं पहिलं कार्ड गेलं. लाल.

"पुन्हा मारा ताई," आनंदराव तिच्या मागं येऊन म्हणले.

लाल.

"पुन्हा."

लाल. आता शोभाताईले घाम फुटला. कारण यावेळी ती मुद्दाम करत नव्हती. पन्नीवर हळदकुंकवाचा चिखल, झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या, खालचं अक्षर तिले दिसतच नव्हतं. आन् न पाहता तिले येत नव्हतं. आनंदरावांनी वाकून पाह्यलं, पन्नीचं टोक धरलं आन् चर्रकन फाडलं.

शोभाताई अशी ओरडली की जणू तिचंच कातडं सोललं. फाटलेली पन्नी तिनं छातीशी धरली, हळद सारी ब्लाउजले लागली.

खाली बटणं झकपक. करडी, कोरी, काळी कुळकुळीत अक्षरं. आनंदराव म्हणले, "आता मारा. मी बोटं पाहून राहिलो."

हिरवा. मंग हिरवा. मंग हिरवाच हिरवा. शोभाताई रडत रडत हिरवा दिवा लावत होती आन् पुष्पलता मागं वळून एकदाही पाहत नव्हती. संध्याकाळी कार्डांची खोकी जीपमध्ये चढली. जाताना आनंदरावांनी मारोतरावांले सांगतलं, "या मशीनवर हीच बसणार असंल तर पुढचं काम धाडतो. नाही तर नाही."

म्हून पुष्पलताची जागा पक्की झाली. मारोतरावांनी दिली नाही, त्यांच्या हातून काढून घेतली गेली. ते काही पेढे वाटणार नव्हते. त्यांनी कवडूले बोलावून सांगतलं, "हा रंग उतरव." कवडूनं नखानं खरवडून पाह्यलं आन् मान हलवली. "ट्रकचा रंग हाये साहेब. ऊन-पाऊस खाऊन वर्षानुवर्षं तसाच राहते. उतरवायले गेलो तर बटण वितळंल, रंग नाही." कंपनीच्या अक्षरांले जे जमलं नाही ते कवडूच्या अक्षरांले जमलं. पुष्पलताची बोटं रोज आपटत, पण 'ए'चा पाय हलला नाही, मोराचं पीस नाही गळलं.

मारोतरावांनी मंग आनंदरावांच्या चोरून बायकोची भाची आणून बसवली. तिनं अक्षर पाहून मारलं, लाल दिवा लागला, रडत गेली. तिच्यानंतर आणखी पोट्ट्या आल्या, त्याही गेल्या. पुष्पलता कोणालेच सांगत नव्हती की कोणतं बटण खरं काय हाये. ती खिडकीत उभी राहून चहा पिई. तिच्याशिवाय त्या खुर्चीवर कोणी बसूच शकत नव्हतं, हे समजल्यावर मारोतराव तिले "पुष्पलताबाई" म्हणायले लागले. दात खाऊन म्हणत, पण म्हणत.

आन् शोभाताई? पन्नी गेल्यावर तिच्या मशीनचीही अक्षरं झिजायले लागली. झिजणारच. ती म्हणे, "पोट्टीनं नजर लावली." तिनं लिंबू टांगला, मिरच्या टांगल्या. पण अक्षरं जात राह्यली, आन् पुढच्या उन्हाळ्यात तिचीही मशीन टकली. मंग एक दिवस, आनंदरावांचंच काम चालू असताना, तिचं बोट हवेत थांबलं. शेवटी तिनं पहिल्यांदा हळू आवाजात विचारलं, "वं पुष्पा. 'एस' कुठं हाये, सांग ना."

पुष्पलतानं हात थांबवला नाही. मानही वळवली नाही. म्हणली, "खालची रांग, डावीकडून दुसरं."

शोभाताईनं दाबलं.

खाटकन लाल.

"बटण बरोबर दाबलं ना ताई?" पुष्पलता म्हणली. दोघी एकाच खोलीत केस पिकेपर्यंत बसल्या आन् त्यानंतर एकमेकींले कधी काही विचारलं नाही.

हे सारं खरं हाये. माशी खरी, मोर खरा, भाकरीवरचा 'आर' तर एकदमच खरा. एक तेवढं मनानं घातलं. खांडेनवमीच्या दुपारी दारात पुष्पलतानं सांगायले तोंड उघडलं होतं, शब्द दातापर्यंत आला होता, असं म्हणलं ना? नव्हता आला. ती मुकाट्यानं चपलेचा पट्टा सोडत होती आन् लावत होती, सोडत होती आन् लावत होती. कवडूचा ब्रश 'ए' काढून झाल्यावर 'बी'कडं गेला, हे डोळ्यांनी पाह्यलं, तेव्हाच जिना उतरली.